नांगराच्या जाहिरातीला चित्रकाराची नजर

लोखंडी नांगरावर शेतकऱ्याचा विश्वास बसावा म्हणून धडपडणाऱ्या कारखान्यात एक चित्रकार दाखल झाला आणि त्याने मालाच्या जाहिरातीची सूत्रे हाती घेतली. १९२० मध्ये त्याने सुरू केलेली 'किर्लोस्कर खबर' ही कारखान्याची गृहपत्रिका पुढे मराठी घराघरांतील मासिक झाली. शंकर वासुदेव किर्लोस्कर अर्थात 'शंवाकि' यांच्या आयुष्याचा आणि माहितीपत्रकाच्या मांडणीविषयी त्यातून मिळणाऱ्या धड्यांचा हा वेध.

खरिपाची चाहूल लागली की जळगाव आणि धुळ्याच्या बाजारपेठेतील शेती अवजारांच्या दुकानांत वर्दळ वाढते. पंप, ठिबकच्या नळ्या, फवारणी यंत्रे आणि पेरणी यंत्रे यांची रंगीत माहितीपत्रके काउंटरवर गठ्ठ्याने ठेवलेली असतात. चोपडा, अमळनेर, शिरपूर किंवा साक्रीकडून आलेला शेतकरी त्यातील एखादे उचलतो. आधी चित्र पाहतो, मग किंमत विचारतो. त्यानंतर तो पत्रक घडी घालून खिशात ठेवतो किंवा तिथेच सोडून निघून जातो. खिशात गेलेले पत्रक गावी पोहोचते, चार जणांच्या हाती फिरते. काउंटरवर राहिलेल्या पत्रकावरचा खर्च मात्र वाया जातो. दोन्ही पत्रकांचा कागद तोच, छपाईही तीच. पण मांडणीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

ठिबक सिंचनाने जळगावचे नाव देशभर नेले, तेव्हापासून शेतीच्या यंत्रसामग्रीची माहितीपत्रके खानदेशाला नवी राहिलेली नाहीत. मात्र शेतकऱ्याला यंत्राची ओळख कागदावरून कशी करून द्यावी, हा प्रश्न मराठी मुलुखात त्याच्याही कितीतरी आधी उभा राहिला होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातील आजच्या किर्लोस्करवाडीत त्या प्रश्नाला एका चित्रकाराने हात घातला.

रंग न दिसणारा काका

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापुरात झाला. त्यांचे चुलते लक्ष्मणराव किर्लोस्कर हे पुढे भारतीय यंत्रोद्योगाचे एक प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले. लक्ष्मणरावांच्या आयुष्याची सुरुवातही चित्रकलेपासूनच झाली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणरावांना चित्रे काढण्याची ओढ होती. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु आपल्याला काही रंगांतील भेद ओळखता येत नाही, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

रंग हातचे गेले, तरी रेषा उरली होती. लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याचे शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामुअण्णा यांच्यासोबत सायकलींचे दुकान थाटले. त्यातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला. १० मार्च १९१० रोजी निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधचे प्रसिद्ध चित्रसंग्रहालय ही त्यांचीच देणगी. किर्लोस्करवाडीच्या जन्मकथेत यंत्र आणि चित्र असे पहिल्यापासून हातात हात घालून येतात.

रंग न दिसणाऱ्या काकांच्या कारखान्यात रंगांची उत्तम जाण असलेला पुतण्या यावा, हा योगायोग पुढे फार मोलाचा ठरला.

लाहोरचा चित्राभ्यास

शंकररावांचा ओढा लहानपणापासून चित्रकलेकडे होता. त्यांना गुरू लाभले ते पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर. वेदांचे भाष्यकार म्हणून पुढे ख्यातनाम झालेले सातवळेकर मूळचे चित्रकार. तेही जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. लाहोरमध्ये त्यांचा चित्रकलेचा व छायाचित्रणाचा व्यवसाय होता. शंकररावांनी त्यांच्याकडे लाहोरला राहून चित्रकलेचे शिक्षण घेतले.

व्यक्तिचित्राच्या या शिक्षणात एक गोष्ट पक्की होते. पाहणाऱ्याची नजर चित्रात आधी कुठे पडावी आणि मग कुठे सरकावी, हे चित्रकाराने ठरवायचे असते. चेहरा उजेडात, वस्त्रे अर्धछायेत आणि पार्श्वभूमी त्याहून मागे, अशी रचना करून तो पाहणाऱ्याला न सांगता वाट दाखवतो. अनावश्यक तपशील गाळणे हा या शिस्तीचाच भाग असतो. संस्थानिकांची आणि धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवून नाव व पैसा मिळवण्याचा मार्ग त्या काळी कुशल चित्रकाराला मोकळा होता. शंकररावांनी तो मार्ग न धरता काकांच्या कारखान्याची वाट धरली. तैलरंगांच्या जगातून ते लोखंडाच्या ओतशाळेपाशी आले आणि जाहिरात व विक्रीच्या कामात रमले.

कलावंताने बाजारात उतरणे हे त्या काळच्या सुशिक्षित समाजात फारसे मानाचे समजले जात नसे. जाहिरात म्हणजे खोटे बोलण्याची कला, असा सर्वसाधारण समज होता. त्या समजाला आधारही होता. वर्तमानपत्रांची पाने सर्व रोग बरे करणाऱ्या गोळ्या, काढे आणि मलमांच्या जाहिरातींनी भरलेली असत. अशा दाव्यांना आळा घालणारा औषधे व जादूचे उपाय विषयक कायदा देशात व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. अशा वातावरणात प्रामाणिक मालाची प्रामाणिक जाहिरात करून दाखवणे, हे शंकररावांपुढचे खरे आव्हान होते.

संशयाची मशागत

किर्लोस्करांचा माल चांगला होता, पण तो घेणारा मिळत नव्हता. लोखंडाचा फाळ जमिनीत गेला की माती विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. पहिले मोजके नांगर विकण्यात दोन वर्षे गेली. ज्यांना लोखंडी नांगराचे महत्त्व पटले होते, असे थोडे बागायतदार विलायती नांगराला पसंती देत. देशी कारखान्याला एकीकडे श्रद्धेशी आणि दुसरीकडे परदेशी नावाच्या दबदब्याशी झुंजावे लागत होते. नांगर विकला गेला नाही तर ओसाड माळावर नव्याने वसलेल्या वसाहतीचे आणि तिथल्या कामगारांचे भवितव्य अंधारात होते.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जाऊन माती पालथी घालतो आणि हरळी, कुंद्याची मुळे उघडी पाडतो. तापी खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत ही तणे किती पाय रोवून बसतात, हे खानदेशातील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. मात्र हा फायदा शब्दांनी पटवणे अवघड होते. १९२१ च्या जनगणनेनुसार देशात शंभरातले जेमतेम सात-आठ लोक साक्षर होते. खेड्यात आलेला छापील कागद एखादा गुरुजी किंवा तलाठी वाचून दाखवी आणि बाकीचे तो नुसता पाहत. वाचणाऱ्या एकासाठी मजकूर आणि पाहणाऱ्या दहांसाठी चित्र, असा हा हिशेब होता. कारखान्याच्या जाहिरातीत चित्रकाराची गरज होती ती या कारणाने.

कागदावरची नांगरट

त्या काळचे छापील पत्रक कसे असे, हे पाहिल्यावर या कामातील अडचण ध्यानात येते. छपाई खिळ्यांची होती. छापखान्यात जेवढे टाइप असतील तेवढे सगळे एकाच पानावर वापरण्याची हौस असे. पानाच्या चारही कडांना वेलबुट्टीची चौकट, मोकळ्या कोपऱ्यात फुले आणि उरलेल्या जागेत आणखी मजकूर. कागदाचे पैसे मोजले आहेत, तेव्हा बोटभरही जागा कोरी सोडायची नाही, असा मालकाचा हट्ट. परिणामी पानावरची प्रत्येक गोष्ट ओरडत असे आणि कोणतीच ऐकू येत नसे.

चित्रकाराच्या शिस्तीत वाढलेली नजर नेमकी याच्या उलट चालते. पहिला नियम एका पानावर एकच मुख्य गोष्ट ठेवण्याचा. नांगराच्या पत्रकात नांगर मोठा दिसला पाहिजे. त्याच्या तोडीचे दुसरे चित्र शेजारी आले की नजर दुभंगते. कारखान्याची इमारत, संचालकांची छायाचित्रे आणि मिळालेली पदके यांचा मालकाला अभिमान असतो. शेतकऱ्याला मात्र आपल्या बैलांना हा नांगर ओढवेल की नाही, एवढेच जाणून घ्यायचे असते.

दुसरा नियम प्रमाणाचा. कोऱ्या पार्श्वभूमीवर एकटे ठेवलेले यंत्र केवढे आहे, याचा अंदाज येत नाही. शेजारी बैलजोडी आणि मागे रुमणे धरलेला माणूस दाखवला की आकार आपोआप कळतो. उपयोग कळतो आणि हे आपल्यासारख्याच माणसाने वापरायचे आहे, हेही मनावर ठसते. एका चित्रात तीन गोष्टी सांगून होतात.

तिसरा मुद्दा रेषेचा. त्या वेळी छायाचित्र छापायचे तर ते बारीक ठिपक्यांच्या हाफटोन ब्लॉकने छापावे लागे. साध्या खरखरीत कागदावर हे ठिपके पसरत आणि काळ्या लोखंडाचे काळे छायाचित्र नुसता डाग होऊन बसे. रेषांचा ब्लॉक त्याच कागदावर स्वच्छ उमटे. शिवाय कॅमेरा सगळे काही सारख्याच आग्रहाने दाखवतो, तर रेखाटन करणारा हवे तेवढेच दाखवतो. फाळ कुठे बसतो, कोणता बोल्ट सैल करायचा, झिजलेला भाग कसा बदलायचा, हे रेखाचित्रात आकडे घालून समजावता येते. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर जपलेले यांत्रिक रेखाटन आणि शंकररावांचे चित्रकौशल्य या कामात एकमेकांना पूरक ठरणारे होते.

चौथा नियम मोकळ्या जागेचा. चित्राभोवती सोडलेली कोरी जागा वाया जात नाही, ती चित्राला उठाव देते. शेताच्या बांधाप्रमाणे ती एक मजकूर दुसऱ्यापासून वेगळा ठेवते. देवनागरी लिपीला तर ही जागा अधिकच लागते. अक्षरांवर शिरोरेषा, तिच्यावर वेलांट्या नि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरे, अशी या लिपीची रचना. इंग्रजीच्या हिशेबाने ओळी एकमेकींना चिकटवल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. नवशिक्या वाचकाचा तिथेच विरस होतो.

पाचवा नियम क्रमाचा. हे काय आहे, कशासाठी आहे, किती बैल लागतात, किंमत किती, सुटे भाग कुठे मिळतात आणि मागणी कुठे नोंदवायची, हे ग्राहकाच्या मनात प्रश्न येतात त्याच क्रमाने यायला हवे. मोठे अक्षर मोठ्या गोष्टीला आणि लहान अक्षर तपशिलाला, हा भेद पानभर सारखा राहिला की वाचणाऱ्याला वेगळी खूण सांगावी लागत नाही. आणि अखेरचा नियम सातत्याचा. नाव, बोधचिन्ह आणि अक्षरांचे वळण प्रत्येक पत्रकात तेच राहिले की ते ओळखीचे होते. ओळखीतूनच विश्वास निर्माण होतो.

माहितीपत्रकाचे मासिक होते

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. ग्राहक, विक्रेते आणि कारखान्याशी संबंधित मंडळी यांच्यापर्यंत मालाची माहिती आणि वाडीच्या घडामोडी पोहोचवाव्यात, असा त्यामागचा मूळ हेतू होता. मालाची यादी एकदा पाहून बाजूला पडते, मग तिच्यासोबत वाचनीय मजकूर, चित्रे आणि उपयुक्त माहिती दिली तर घरात तिची वाट पाहिली जाईल, ही दृष्टी त्यात होती. काळाच्या मानाने हा विचार फार पुढचा होता.

हळूहळू 'खबर'मधील नांगर-चरकांची जागा आटत गेली आणि लेख, कथा, स्वावलंबनाच्या हकिकती यांचा भाग वाढला. १९२९ मध्ये नावातील 'खबर' गळून ते 'किर्लोस्कर' झाले. १९३० मध्ये स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' ही मासिके निघाली. आडवळणाच्या एका रेल्वे स्टेशनाशेजारच्या कारखान्यातून निघणारी ही मासिके महाराष्ट्रभरच्या वाचनालयांत पोहोचली. मुखपृष्ठे, छायाचित्रे आणि व्यंगचित्रे यांना या मासिकांनी मजकुराच्या बरोबरीचे स्थान दिले. शंकरराव स्वतः व्यंगचित्रे काढत आणि त्यांचा व्यंगचित्रसंग्रहही प्रसिद्ध आहे. मोजक्या रेषांत नेमका मुद्दा मांडणाऱ्या व्यंगचित्रकाराला पानावर काय ठेवायचे याइतकेच काय ठेवायचे नाही, हेही उमगलेले असते.

मासिकाच्या वाढीबरोबर धोकाही वाढला. कारखान्याच्या नावाने निघणाऱ्या नियतकालिकाने कोणालाही न दुखावता गोडीगुलाबीने राहावे, हा व्यापारी शहाणपणा. शंकररावांनी तो पाळला नाही. 'किर्लोस्कर'च्या पानांवर विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार झाला, जुन्या रूढींवर टीका झाली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध या मासिकातून गाजले. १९३० च्या दशकात शंकररावांनी बुवाबाजीविरुद्ध मोहीम उघडली आणि त्यातून बुवाबाजी विध्वंसक संघ उभा राहिला. नांगर विकत घेणारा ग्राहकही दुखावला जाण्याची शक्यता होती, पण ती जोखीम त्यांनी पत्करली.

या दोन्ही कामांत अंतर वाटते तेवढे नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजाशी लढताना जी वृत्ती लागली, तीच चमत्काराच्या दाव्यांशी लढताना कामी आली. दाखवता येईल तेच सांगावे, हे त्या वृत्तीचे सार. चांगले माहितीपत्रकही याच कसोटीवर उतरते. चित्रात यंत्र आहे त्याहून मोठे दिसत असेल, उत्पादनाचा आकडा फुगवलेला असेल, तर मांडणी कितीही देखणी असली तरी दुसऱ्या हंगामात शेतकरी त्या दुकानाची पायरी चढत नाही.

अखेरचे पर्व

उतारवयात शंकररावांनी लेखणीकडे अधिक लक्ष दिले. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. 'यांत्रिकाची यात्रा' या पुस्तकात शंकररावांनी त्यांचे चरित्र लिहिले. काकांनी यंत्रातून जे उभे केले, ते पुतण्याने शब्दांत जतन केले. 'शंवाकीय' हे त्यांचे आत्मचरित्र मराठी नियतकालिकांच्या आणि उद्योगाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. मासिकांची धुरा पुढे त्यांचे चिरंजीव मुकुंदराव यांनी सांभाळली. १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, शंकररावांचे निधन झाले.

संपादक म्हणून त्यांचे स्मरण होते, समाजसुधारक म्हणूनही होते. मराठीतील जाहिरातकलेचा आणि पानाच्या मांडणीचा विचार करणारा एक अग्रणी, ही त्यांची ओळख मात्र काहीशी मागे पडली आहे. तैलचित्रे भिंतीवर टांगली जातात आणि जपली जातात. माहितीपत्रके वापरून संपतात. ज्या कलावंताने आपले कसब वापरून संपणाऱ्या कागदासाठी खर्च केले, त्याची ही बाजू विस्मरणात जाणे स्वाभाविक असले, तरी न्याय्य नाही.

खानदेशासाठी धडा

आज जळगाव, धुळ्यातील लहान उद्योजकापाशी शंकररावांच्या काळी नसलेली सारी साधने आहेत. संगणकावर घटकाभरात पत्रक तयार होते, शेकडो अक्षरवळणे आणि लाखो रंग हाताशी असतात. तेच पत्रक मोबाइलवरून क्षणात गावोगावी जाते. साधने वाढली आणि जुना हट्टही त्यांच्यासोबत परतला. वेलबुट्टीच्या चौकटीची जागा झगमगत्या रंगपट्ट्यांनी घेतली. एकाच पानावर पाच प्रकारची अक्षरे, बारा छायाचित्रे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुकानाचा पत्ता, असा प्रकार सर्रास दिसतो. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर तर यातील काहीच धड वाचता येत नाही.

पत्रक छापायला देण्यापूर्वी ते हातभर अंतरावर धरून पाहावे. पहिल्या नजरेत मालच दिसतो का, त्याचा उपयोग कळतो का, आणि गावात गेल्यावर कोणाला विचारायचे हे सापडते का, एवढे तपासले तरी बरेच काम होते. छापखान्यात जाण्याआधी ते एखाद्या शेतकऱ्याच्या हाती देऊन, तो काय पाहतो आणि काय विचारतो, हे शांतपणे टिपले तर त्याहून उत्तम. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे पत्रकात राहून गेलेली उणीव असते.

घरी अहिराणी बोलणारा, छापील मराठी जपून वाचणारा आणि पैसा विचार करून खर्चणारा ग्राहक आजही खानदेशच्या बाजाराचा कणा आहे. त्याचा वेळ वाया जाऊ नये आणि त्याची फसगत होऊ नये, अशा बेताने पान रचणे ही त्याच्याविषयीच्या आदराचीच एक रीत आहे. किर्लोस्करवाडीच्या माळावर कुंचला आणि लोखंड एकत्र आणणाऱ्या शंवाकिंनी ती रीत मराठी उद्योगाला घालून दिली. खरिपाच्या तोंडावर काउंटरवर नवे गठ्ठे येतील, तेव्हा त्यांतील किती पत्रके शेतकऱ्याच्या खिशात बसून गावी जातात, हे पाहण्यासारखे ठरेल.